तीन पंचमांशांचा हिशेब: गुलामगिरी आणि सुरुवातीच्या अमेरिकेतले प्रतिनिधित्व (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

'तीन पंचमांश' म्हणजे नेमके काय होते?

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली. संसदेचे एक सभागृह, म्हणजे प्रतिनिधीगृह, लोकसंख्येच्या प्रमाणात भरायचे हे ठरले. मग प्रश्न आला, लोकसंख्येत कोण धरायचे? दक्षिणेतल्या काही राज्यांत तिसरा हिस्सा माणसे गुलाम होती, साउथ कॅरोलायनात तर त्याहूनही जास्त. त्यांना मत नव्हते, जमीन नव्हती, न्यायालयात उभे राहायची मुभा जवळजवळ नव्हती. तरीही राज्याच्या जागा ठरवताना त्यांची संख्या धरायची असे ठरले, पण पूर्ण नाही. पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची. हे घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमात आहे. थेट कर राज्याराज्यांत वाटायचा झाला तर त्यालाही हेच माप लावायचे होते.

म्हणजे कृष्णवर्णीय माणूस 'तीन पंचमांश माणूस' ठरवला गेला, असेच ना?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे. त्यामागचा राग खरा आहे, पण तो चुकीच्या जागी वळतो.

पहिली गोष्ट, हे माप कातडीच्या रंगाला नव्हते. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस या मोजणीत पूर्ण एक धरला जाई. काही राज्यांत त्याला मतही होते. नॉर्थ कॅरोलायनाने ते १८३५ मध्ये काढून घेतले आणि पेनसिल्व्हेनियाने १८३८ मध्ये. दुसरी गोष्ट महत्त्वाची. गुलामांना पूर्ण एक धरा, असा आग्रह धरणारे होते गुलामांचे मालक. अजिबात धरू नका, असे म्हणणाऱ्यांत गुलामगिरीचे टीकाकार होते. अपूर्णांक जितका मोठा, तितकी मालकांची सत्ता मोठी. शून्य धरले असते तर गुलामांचा अपमान वाढला नसता, मालकांच्या जागा मात्र कमी झाल्या असत्या. तेव्हा 'माणसाला किती माणूस मानले' यापेक्षा 'त्याच्या नावावर मोजलेली मते कोणाच्या पदरात पडली' हे विचारायला हवे. ती मालकाच्या पदरात पडली, आणि तीही त्याच माणसाला बेडीत ठेवण्यासाठी वापरायला.

तीनच पंचमांश का? निम्मे का नाही, तीन चतुर्थांश का नाही?

हा अपूर्णांक घटना परिषदेत जन्मला नाही, तो आधीच तयार होता. आणि त्याची जन्मकथा या सगळ्या प्रकरणातली सर्वात बोलकी गोष्ट आहे.

जुलै १७७६ मध्ये, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची शाई वाळली न वाळली तोच, तेरा वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे प्रतिनिधींच्या सभेत, वाद पेटला की युद्धाचा खर्च कोणी किती उचलायचा. लोकसंख्येच्या प्रमाणात, अशी सूचना आली. दक्षिणेचे सभासद लगेच म्हणाले, गुलाम ही मालमत्ता आहे, तिची मोजदाद माणसांत कशाला? साउथ कॅरोलायनाच्या थॉमस लिंच यांनी विचारले की जमीन, मेंढ्या, गुरे, घोडे यांच्यापेक्षा गुलामांवरच जास्त कर का? बेंजामिन फ्रँकलिन यांनी उत्तर दिले की मेंढ्या आणि गुलाम यांत थोडा फरक आहे, मेंढ्या कधी बंड करत नाहीत. व्हर्जिनियाच्या बेंजामिन हॅरिसन यांनी मध्यममार्ग सुचवला: दोन गुलामांमागे एक स्वतंत्र माणूस धरा.

त्या वेळी काही ठरले नाही. १७८३ मध्ये तोच प्रश्न पुन्हा आला. गुलाम किती कमाई करतो, म्हणजे किती कर सोसू शकतो, यावर घासाघीस झाली. दक्षिण म्हणे कमी धरा, उत्तर म्हणे जास्त धरा. एकेक अपूर्णांक पडत गेला आणि शेवटी व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसन यांनी पाचास तीन सुचवले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे असा बदल करायला सगळ्या राज्यांची संमती लागे, ती मिळाली नाही आणि तो बारगळला. आकडा मात्र लोकांच्या डोक्यात राहिला.

चार वर्षांनी विषय कराचा राहिला नाही, जागांचा झाला, आणि दोन्ही बाजूंनी चक्क कूस बदलली. कालपर्यंत 'ही आमची गुरेढोरे' म्हणणारे आता 'ही आमची माणसे' म्हणू लागले. उत्तरेचेही तेच, फक्त उलट्या दिशेने. इतक्या उघड कोलांटउड्या राजकारणातही क्वचितच पाहायला मिळतात.

फिलाडेल्फियात यावर कोणी बोललेच नाही का?

बोलले, आणि चांगले खडे बोल सुनावले. मॅसॅच्युसेट्सच्या एल्ब्रिज गेरी यांनी विचारले की दक्षिणेत मालमत्ता असलेले गुलाम मोजायचे, तर उत्तरेतले बैल आणि घोडे का नाही? गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्यांचे नाव, पद नव्हे) ८ ऑगस्टला सर्वात कडक बोलले. गुलाम माणसे आहेत का? असतील तर त्यांना नागरिक करा आणि मत द्या. मालमत्ता आहेत का? मग दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? या शहरातली घरे साउथ कॅरोलायनाच्या भातखाचरांतल्या सगळ्या गुलामांपेक्षा जास्त किमतीची आहेत, असेही त्यांनी सुनावले.

साउथ कॅरोलायनाच्या पिअर्स बटलर आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी यांनी ११ जुलैला गुलामांना पूर्ण एक धरण्याचा प्रस्ताव मांडला. तो पडला. बाजूने फक्त तीन राज्ये होती. दुसऱ्या दिवशी नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्यम डेव्ही यांनी सरळ धमकी दिली की निदान तीन पंचमांश धरले नाहीत तर आमचे राज्य या संघात येणार नाही. तडजोड झाली ती या वातावरणात. प्रस्ताव मुळात मांडला होता पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सन यांनी, म्हणजे उत्तरेच्या माणसाने. दक्षिणेने हे उत्तरेवर लादले असे म्हणून उत्तरेला मोकळे सोडता येत नाही.

घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही, हे खरे का?

खरे आहे. 'स्वतंत्र व्यक्ती' आणि 'इतर सर्व व्यक्ती', एवढेच शब्द आहेत. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करायचा नाही, या कलमातही 'अशा व्यक्ती'च आहेत, आणि पळून गेलेल्या गुलामाला परत करण्याच्या कलमात 'सेवेस बांधलेली व्यक्ती'. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत शिरू देणे चूक ठरेल, असे मॅडिसन त्या परिषदेत म्हणाले होते. ते स्वतः गुलामांचे मालक होते. शब्द टाळला, व्यवस्था ठेवली. घटनेत 'गुलामगिरी' हा शब्द पहिल्यांदा आला तो ती संपवणाऱ्या तेराव्या दुरुस्तीत, १८६५ मध्ये.

प्रत्यक्षात किती फरक पडला? आकडे सांगा.

पहिली खानेसुमारी १७९० ची. देशाची लोकसंख्या ३९ लाखांच्या थोडी वर, त्यात गुलाम सुमारे ७ लाख.

आता दोन राज्ये शेजारी ठेवू. पेनसिल्व्हेनियात स्वतंत्र माणसे ४,३०,६३६ आणि गुलाम ३,७३७. व्हर्जिनियात स्वतंत्र माणसे ४,५४,९८३ आणि गुलाम २,९२,६२७. स्वतंत्र लोकांची संख्या जवळपास सारखीच. काँग्रेसने ३३,००० माणसांमागे एक जागा ठरवली. पेनसिल्व्हेनियाला मिळाल्या १३ जागा. व्हर्जिनियाच्या स्वतंत्र माणसांना ३३,००० ने भागले तर तिलाही १३ च येतात. पण तिच्या गुलामांचे तीन पंचमांश, म्हणजे १,७५,५७६ माणसे, बेरजेत आली आणि जागा झाल्या १९. तेवढ्याच स्वतंत्र लोकांना ६ जागा जास्त, म्हणजे जवळपास दीडपट वजन.

शंभर गुलामांच्या मालकाला हाती मत एकच होते. पण त्याच्या वाड्यामुळे राज्याच्या हिशेबात आणखी साठ माणसे चढत. गुलाम विकत घेतले, त्यांना मुले झाली, जहाजाने नवे आणले, की दर दहा वर्षांनी राज्याची ताकद वाढे. घटनेचे विरोधक हे तेव्हाच सांगत होते. 'ब्रूटस' या टोपणनावाने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात लिहिणाऱ्याने विचारले होते की ज्यांचा कारभारात काहीच वाटा नाही, त्यांच्या नावाने सभासद का वाढवायचे? साउथ कॅरोलायनाने १८०३ मध्ये गुलामांची आयात पुन्हा खुली केली, आणि बंदी येण्याआधीच्या चार वर्षांत चार्ल्सटन बंदरात सुमारे ४० हजार माणसे उतरवली गेली.

पण मत तर बायका-मुलांनाही नव्हते. त्यांना पूर्ण एक धरले, त्याचे काय?

प्रश्न रास्त आहे, आणि तेव्हाही विचारला गेला होता. मत नसलेल्यांना मोजायचेच नाही असा नियम कुठेच नव्हता. मूल मोठे होऊन मतदार होई, निदान मुलगा तरी. बाईच्या बाबतीत 'घरातला पुरुष तिचे हित पाहतो' असे मानत. हे मानणे कितपत खरे होते हा वेगळा वाद. पण गुलामाच्या बाबतीत असे मानायलाही कोणी धजावत नसे. त्याच्या नावाने निवडून आलेला माणूस त्याला पकडून आणण्याचे कायदे करी.

राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीशी याचा काय संबंध?

इथे बहुतेक लोकांची नजर पोचत नाही. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी का निवडायचा नाही, यावर परिषदेत बराच खल झाला. १७ जुलैला नॉर्थ कॅरोलायनाचे ह्यू विल्यमसन म्हणाले की थेट निवडणुकीत सर्वात मोठ्या राज्याचा माणूस निवडून येईल, पण ते राज्य व्हर्जिनिया नसेल, कारण तिच्या गुलामांना मत नसेल. दोन दिवसांनी मॅडिसन यांनीही तेच सांगितले: तत्त्व म्हणून लोकांनी निवडणे सर्वात योग्य, पण उत्तरेत मताधिकार जास्त पसरलेला आहे आणि दक्षिणेला गुलामांच्या संख्येचा काही उपयोग होणार नाही. यावर तोडगा निघाला निर्वाचक मंडळाचा, म्हणजे प्रत्येक राज्याने ठरावीक निर्वाचक नेमायचे आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा. प्रत्येक राज्याचे निर्वाचक म्हणजे त्याच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा अधिक दोन सिनेटर, म्हणजे सिनेट या दुसऱ्या सभागृहातले त्याचे सभासद. झाले, तीन पंचमांशाचा फायदा आपोआप राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचला.

निर्वाचक मंडळ केवळ गुलामगिरीसाठी निर्माण झाले, असे म्हणणे मला जरा जास्तच वाटते. मोठा देश, उमेदवारांची ओळख नसलेले मतदार, छोट्या राज्यांची भीती, ही कारणेही होती. पण गुलामगिरीचे कारण त्या चर्चेत तोंडाने बोलले गेले आहे आणि नोंदलेले आहे. ते नाकारता येत नाही.

पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचे होते: वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. चौघेही गुलामांचे मालक. मधली ४ वर्षे मॅसॅच्युसेट्सच्या जॉन अ‍ॅडम्स यांची.

जेफरसन गुलामांमुळे निवडून आले, हे खरे का?

१८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांना ७३ निर्वाचक मते पडली, अ‍ॅडम्स यांना ६५. फरक ८ चा. गुलामांच्या मोजणीने दक्षिणेला मिळालेली जादा मते साधारण डझनभर होती, आणि त्यातली बहुतेक जेफरसन यांच्याकडे गेली. ती वजा केली तर अ‍ॅडम्स पुढे जातात. अ‍ॅडम्स यांच्या पक्षातले टिमथी पिकरिंग जेफरसन यांना 'नीग्रो प्रेसिडेंट' म्हणून हिणवत. टोमणा वंशद्वेषी होता, हिशेब मात्र बरोबर होता.

पण वजाबाकी इतकी सरळ नाही. त्या वर्षी बऱ्याच राज्यांत निर्वाचक लोकांनी नव्हे, विधिमंडळाने निवडले. पेनसिल्व्हेनियात लोकमत जेफरसन यांच्या बाजूने असूनही विरोधकांच्या हातातल्या राज्य सिनेटने अडवणूक केली आणि मते ८-७ अशी फुटली. नियम वेगळे असते तर डावही वेगळे खेळले गेले असते. मला पटते ते एवढेच, की गुलामांच्या मोजणीशिवाय तो विजय फार अवघड होता.

बदल्यात दक्षिणेने जास्त कर भरला, मग हिशेब बरोबर झाला की?

कागदावर झाला. जागा वाढल्या तर थेट करही वाढेल, असा मॉरिस यांचा तोडगा होता. पण केंद्र सरकारचा खर्च चालला मुख्यतः आयातशुल्कावर. थेट कर पहिल्यांदा लागला १७९८ मध्ये, मग १८१२ च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धाच्या काळात, आणि त्यानंतर थेट १८६१ मध्ये. जागा रोज वापरल्या, कर क्वचित भरला.

कुठला कायदा या जादा जागांमुळे अडला किंवा झाला, असे सांगता येईल का?

मिझुरीचे प्रकरण पाहा. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यूयॉर्कचे जेम्स टॅलमॅज यांनी सुचवले की मिझुरीला राज्य करायचे तर तिथे नवे गुलाम नेता येणार नाहीत, आणि तिथे जन्मणारी गुलामांची मुले वयाच्या २५ व्या वर्षी मुक्त होतील. प्रतिनिधीगृहाने दोन्ही सूचना मान्य केल्या, दुसरी ८२ विरुद्ध ७८ अशी. सिनेटने त्या फेटाळल्या. पुढच्या वर्षी, मार्च १८२० मध्ये, प्रतिनिधीगृहाने ही बंदी ९० विरुद्ध ८७ मतांनी सोडून दिली. फरक तीन मतांचा, आणि तीन पंचमांशाने आलेल्या जागा सुमारे वीस. उत्तरेचे काही सभासद फुटले हेही खरे, पण जादा जागा नसत्या तर तेवढ्या फुटीने काम भागले नसते.

१८३० मध्ये मूलनिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हटवण्याचा कायदा प्रतिनिधीगृहात १०२ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. चेरोकी आणि इतर जमातींच्या ज्या जमिनी रिकाम्या झाल्या, त्यांतल्या कितीतरी ठिकाणी कापसाचे मळे उभे राहिले. कापसासाठी आणखी गुलाम आले, गुलामांमुळे आणखी जागा.

मग अर्जबंदी. गुलामगिरीविरुद्धचे नागरिकांचे अर्ज सभागृहात वाचायचेच नाहीत, असा ठराव १८३६ मध्ये झाला. १८४० मध्ये तो आणखी कडक करून कायमचा नियम केला, ११४ विरुद्ध १०८ मतांनी. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा साधे सभासद म्हणून त्या सभागृहात बसत. म्हातारपणी त्यांनी या नियमाशी वर्षानुवर्षे झुंज घेतली आणि १८४४ मध्ये तो रद्द करवला.

सिनेटमध्ये तर प्रत्येक राज्याला दोनच जागा. तिथे काय?

तिथे तीन पंचमांश लागत नव्हते, राज्यांची संख्या लागत होती. म्हणून एक गुलामगिरीचे राज्य आले की एक मुक्त राज्य, अशी जोडी लावायची पद्धत पडली. मिझुरीबरोबर मेन आले ते असेच. १८५० मध्ये कॅलिफोर्निया एकटे आले आणि ताळमेळ बिघडला.

राज्यांच्या आतही असेच चालत होते का?

काही ठिकाणी याहून उघड. साउथ कॅरोलायनाच्या १७९० च्या घटनेप्रमाणे कनिष्ठ सभागृहात बसायला ५०० एकर जमीन आणि १० गुलाम लागत, नाहीतर १५० पौंडांची स्थावर मालमत्ता. १८०८ पासून तिथल्या जागा निम्म्या गोऱ्या लोकसंख्येवर आणि निम्म्या भरलेल्या करावर ठरू लागल्या. गुलामांवर कर असे, त्यामुळे किनाऱ्याकडच्या भातशेतीवाल्या मालकांचे पारडे जड राहिले. जॉर्जियाने आपल्या राज्याच्या सभागृहासाठीच तीन पंचमांशाचे माप उचलले. व्हर्जिनियात डोंगराळ पश्चिमेकडे गुलाम कमी, पूर्वेकडे जास्त. १८२९-३० च्या परिषदेत पश्चिमेचे लोक 'गोरी माणसे मोजा' म्हणून भांडले आणि हरले. ते दुखणे चिघळत राहिले. उत्तर आणि दक्षिण यांच्यातल्या यादवी युद्धात (१८६१-६५) पश्चिमेचा तो भाग वेगळा झाला, तेच आजचे वेस्ट व्हर्जिनिया. हे भांडण गुलामांच्या बाजूने नव्हते, गोऱ्यांचे गोऱ्यांशी होते.

उत्तरेने हे कलम काढायचा प्रयत्न केला नाही?

केला. १८०४ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तशी घटनादुरुस्ती सुचवली. कोणी दाद दिली नाही. १८१४ च्या डिसेंबरात, ब्रिटनशी युद्ध चालू असताना, त्या युद्धाला विरोध असलेल्या न्यू इंग्लंडच्या (ईशान्येकडच्या) राज्यांचे प्रतिनिधी हार्टफर्डला जमले आणि त्यांनी मागितलेल्या दुरुस्त्यांत पहिली हीच होती: जागा स्वतंत्र लोकांच्या संख्येवर द्या. त्यांचे दुर्दैव असे की निरोपे वॉशिंग्टनला पोचेपर्यंत युद्ध संपल्याच्या आणि न्यू ऑर्लिअन्सच्या विजयाच्या बातम्या आल्या, आणि हे सगळे देशद्रोही ठरून हास्यास्पद झाले. त्यांना गुलामांची कणव होती असेही नाही. व्यापारी प्रदेशाची सत्ता घटत होती, ती सल होती.

गुलामगिरीचे विरोधक या कलमाकडे कसे पाहत?

त्यांच्यातच एकमत नव्हते. विल्यम लॉइड गॅरिसन घटनेला मृत्यूशी केलेला करार म्हणत, आणि ४ जुलै १८५४ रोजी त्यांनी तिची प्रत जाहीर सभेत जाळली. स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस आधी त्यांच्याच बाजूचे होते, पण पुढे त्यांनी मत बदलले. १८६० मध्ये ग्लासगोच्या भाषणात ते म्हणाले की हे कलम गुलामगिरीच्या राज्यांना शिक्षाच आहे: गुलाम मुक्त करा, की उरलेले दोन पंचमांश मिळतील. युक्तिवाद वकिली आहे. मला गॅरिसन यांचा हिशेब जास्त खरा वाटतो, डग्लस यांचे राजकारण जास्त शहाणे.

महाराष्ट्रात या गुलामगिरीविरोधी चळवळीची दखल कोणी घेतली होती?

जोतीराव फुले यांनी. १८७३ चे त्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेले आहे.

हे कलम संपले कधी?

१८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली, म्हणजे 'इतर सर्व व्यक्ती' उरल्याच नाहीत. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले की जागा ठरवताना प्रत्येक राज्यातल्या सगळ्या व्यक्ती मोजायच्या. इथे एक पेच होता. युद्धात हरलेल्या दक्षिणेला आता पाचास तीनऐवजी पाचास पाच मिळणार होते. म्हणून त्याच दुरुस्तीत तरतूद केली की जे राज्य प्रौढ पुरुषांचे मत नाकारेल, त्याच्या जागा त्या प्रमाणात कापल्या जातील.

१८९० मध्ये मिसिसिपीने नवी घटना करून मतदान कर आणि वाचनपरीक्षा यांच्या आडून कृष्णवर्णीयांची मते काढून घेतली. बाकीची राज्ये मागोमाग गेली. जागा कापायची तरतूद एकदाही वापरली गेली नाही. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत तिथल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची मोजणी पूर्ण एक होत राहिली, आणि मत शून्य.

ते मूळ वाक्य घटनेतून काढून टाकले आहे का?

नाही. अमेरिकेत दुरुस्त्या शेवटी जोडतात, जुना मजकूर खोडत नाहीत. फिलाडेल्फियात सह्या झालेली ती चर्मपत्रे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात काचेआड आहेत. 'इतर सर्व व्यक्तींचे तीन पंचमांश' हे शब्द पहिल्याच पानावर आहेत.